पेल्याचं पाणी

नंदाबाईंनी तांब्या कलता केला आणि तसाच धरून ठेवला.

पाणी काठापर्यंत आलं होतं. मनगट आणखी जरासं वळलं असतं तर खाली पडलं असतं. पण खाली माती नव्हती. खाली करडे आणि तांबडे पेव्हर ब्लॉक होते, एकमेकांत अडकवलेले, बुचाच्या झाडाच्या बुंध्याला अगदी भिडलेले. बुंधा आणि ब्लॉक यांच्यात बोटभर फट राहिली असती, तीसुद्धा कुणी तरी सिमेंटनं नीट लिंपून घेतली होती. काम चोख होतं. पुण्यात एवढं चोख काम सहसा होत नाही, ते नेमकं इथं झालं.

त्यांनी तांब्या सरळ केला आणि काठीवर भार देऊन इकडेतिकडे पाहिलं. चर्चच्या मागचं अख्खं आवार, पाण्याच्या टाकीपासून मागच्या फाटकापर्यंत, स्वयंपाकघराच्या ओट्यासारखं लखलखीत झालं होतं. बुचाची फुलं त्यावर सांडली होती. एरवी ती मातीत पडायची, संध्याकाळपर्यंत मातकट व्हायची आणि दोन दिवसांत दिसेनाशी व्हायची. आता त्यांना जायला वाटच नव्हती. पडली तिथंच पडून होती, आणि त्यांचा वास जमिनीच्या वीतभर वर, नेहमीपेक्षा दाट, थबकून राहिला होता. नंदाबाईंना वाटलं, आपण अजून अंथरुणातच आहोत, गोळ्यांच्या गुंगीत. गेले तीन महिने त्यांना अशीच स्वप्नं पडत होती. सगळं ओळखीचं असायचं आणि एखादीच गोष्ट नाहीशी झालेली असायची.

"संपत," त्यांनी हाक मारली.

संपत हा चर्चचा राखणदार. हातातला झाडू घेऊनच तो आला.

"इथलं आळं कुठे गेलं रे?"

"बुजवलं, बाई."

"ते दिसतंय मला. का बुजवलं?"

संपतनं झाडू या हातातून त्या हातात घेतला. "मी विचारलं होतं हो कमिटीला, झाडाला आळं ठेवायचं का म्हणून. तर म्हणाले, आळं ठेवलं की पाणी साचणार, चिखल होणार, आणि नंदाबाई परत घसरल्या म्हणजे? तुमच्यासाठीच बुजवलं, बाई."

नंदाबाईंनी हातातल्या तांब्याकडे पाहिलं.

तांब्यातलं पाणी काही नळाचं उरलेलं पाणी नव्हतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर मोडली जाते, पेला फिरतो, उरलेला द्राक्षारस पाळकसाहेब स्वतः पिऊन टाकतात. मग पेला आणि तबक विसळायचं. ज्या पेल्यातून प्रभूचं रक्त म्हणून द्राक्षारस वाटला, त्याचं पहिलं विसळलेलं पाणी गटारात जाऊ द्यायचं नाही, ते मातीला द्यायचं, अशी तिथली जुनी रीत. नंदाबाईंना हे काम मिळालं तेव्हा त्या तिशीतल्या होत्या आणि मिशनच्या इस्पितळात ऑपरेशन थिएटर सांभाळत होत्या. तेव्हाचे म्हातारे पाळक म्हणाले होते, "ज्या बाईच्या हातून कात्र्या-चिमटे निर्मळ होतात, तिला पेला जड जाणार नाही." त्याला आता चाळीस वर्षं झाली. बुच तेव्हाही जुनंच होतं. चाळीस वर्षं दर महिन्याला त्या मागच्या दारानं बाहेर यायच्या, आळ्याशी वाकायच्या आणि तांब्या रिता करायच्या. माती एक घोट घ्यायची, मग दुसरा. थोडा बुडबुडा यायचा. त्या बुडबुड्याला नंदाबाई मनातल्या मनात 'आमेन' म्हणायच्या. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. लोक हसले असते.

जुलैत याच आळ्याशी त्यांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, अंथरूण झालं, वॉकर झाला, आता काठी आली. त्यांचा मुलगा अभिनव, एकुलता एक, खराडीच्या मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तो इस्पितळाच्या बाकावर बसून म्हणाला होता, आई चालायला लागली तर मी देवाच्या घरासाठी काही तरी करीन. आई चालायला लागायच्या आधीच त्यानं करूनही टाकलं. पावसाळा संपतो न संपतो तोच पेव्हरचे ट्रक आले. कडेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी लागली: 'श्रीमती नंदा शांतवन चक्रनारायण यांच्या आरोग्याबद्दल उपकारस्तुती.' त्यानं अंथरुणाशी बसून फोनवर फोटो दाखवले होते. नंदाबाई म्हणाल्या होत्या, "छान झालंय रे." त्या फोटो बघतच नव्हत्या. लेकाचा चेहरा बघत होत्या. किती दिवसांनी तो असा हसत होता.

आता आपणच 'छान' म्हटलेलं, कुणाच्या नावानं बोटं मोडायची?

त्या परत आत गेल्या. पाळकसाहेब, वयानं अभिनवपेक्षाही लहान, अंगातला पांढरा झगा काढून घडी करत होते.

"पाळकसाहेब, मी नव्हते ते तीन महिने हे पाणी कुठे ओतलंत?"

त्यांचे हात घडीवरच थांबले. "बेसिनमध्ये," ते म्हणाले. मग थोडं घाईनं म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. देवाला गटार काय आणि माती काय. सगळं त्याचंच."

"त्याला चालेल हो. त्याला काय, सगळंच चालतं. मला चालत नाही."

पाळकसाहेब ओशाळले. माणूस वाईट नव्हता. सप्टेंबरात त्यांनी हौसेनं सृष्टीचा रविवार साजरा केला होता. पृथ्वी ही आपल्याला वापरायला नव्हे, सांभाळायला दिलेली ठेव आहे, असं ते पोटतिडकीनं बोलले होते. नंदाबाईंनी अंथरुणातून तो व्हिडिओ पाहिला होता आणि डोळे पुसले होते. उपासनेनंतर प्रत्येकाला काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतलं एकेक रोप मिळालं. लोक रोपं घेऊन घरी गेले. कुठे लावली ते रोपांनाच ठाऊक. आणि ऑक्टोबरात आवार झाकलं. दोन्ही गोष्टी मनापासूनच झाल्या. पावसात घोटाभर चिखल व्हायचा, म्हाताऱ्या माणसांचे हाल व्हायचे, हेही खोटं नव्हतं.

"पुढच्या मीटिंगला विषय काढू आपण," पाळकसाहेब म्हणाले.

"पुढच्या मीटिंगचं पुढे बघू. पण हे पाणी आजचं आहे."

त्यांनी तांब्याची फिरकी घट्ट लावली. जुन्या काळी प्रवासात न्यायचा तसला, कडीचा, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या होता तो. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तांब्या, अशा त्या मागच्या फाटकानं बाहेर पडल्या. अभिनव पुढच्या अंगणात कमिटीच्या लोकांबरोबर चहा पीत उभा होता. जो तो त्याचा हात हातात घेऊन हलवत होता. त्याला आत्ता हाक मारणं त्यांच्या जिवावर आलं.

"पाच मिनिटांत येते म्हणून सांग," त्या संपतला म्हणाल्या.

त्यांना खरंच पाच मिनिटं वाटली होती. माती काय, सोनं थोडंच आहे?

रविवार सकाळ. कसब्याकडे जाणारी गल्ली अर्धवट जागी होती. कुठे तरी तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडत होती, ठण, ठण, मध्येच थांबत होती. नोव्हेंबरचं ऊन नुकतं भिंती उतरत होतं. खुब्यातली नवी कांडी चालताना दुखत नव्हती, फक्त परक्यासारखी वागत होती, त्यामुळे नंदाबाईंना आपण चालतोय असं वाटतच नव्हतं. कुणी तरी आपल्याला अलगद पुढे नेतंय असं वाटत होतं. त्या खाली बघत निघाल्या. सगळ्या जन्मात या गल्लीतून त्या कधी अशा खाली बघत चालल्या नव्हत्या.

कोपऱ्यावर पिंपळ होता. त्याला पार होता, पाराला गुळगुळीत फरशी होती, आणि बुंध्याभोवती सिमेंटचा गळपट्टा. पुढे महापालिकेच्या शाळेचं मैदान. त्या फाटकाच्या गजांतून डोकावल्या. मैदानावर हिरवं रबर अंथरलं होतं. त्यापुढे एका नव्या इमारतीची बाग होती, म्हणजे दगडी गोटे होते आणि गोट्यांमध्ये प्लॅस्टिकची हिरवळ. नंदाबाईंनी काठीच्या टोकानं ती थोडी उचलून पाहिली. खाली काँक्रीट. वॉचमननं घसा खाकरला, तेव्हा त्या पुढे झाल्या.

एका बसक्या घरासमोर मात्र कुंड्यांची रांग होती. त्यावर पाटी: 'कुंड्यांना पाणी घालण्यास घरमालक समर्थ आहेत. आपण आपली वाट धरावी.' पाटीशेजारी खुर्ची टाकून समर्थ घरमालक वर्तमानपत्र वाचत होते.

"काय हवंय?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"काही नाही. माती बघत होते जरा."

"ही विकत आणलेली आहे."

"नाही हो, मला न्यायची नाहीये. थोडं पाणी ओतायचं होतं."

"पाटी वाचली नाहीत?"

"वाचली. आणि कुंडीतली माती चालायचीही नाही," नंदाबाई म्हणाल्या. "कुंडीला तळ असतो. मला बिनतळाची माती हवी आहे. पाणी खाली जात राहिलं पाहिजे."

आता मात्र वर्तमानपत्र खाली आलं. घरमालकांनी त्यांच्याकडे, तांब्याकडे, काठीकडे पाहिलं. "बिनतळाची माती," ते सावकाश म्हणाले, "आणि ती आपण पुण्यात शोधताय. शोधा. सापडली तर आम्हालाही कळवा."

नंदाबाईंना हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं, आणि त्या भराभर पुढे निघाल्या. त्यांना राग यायला लागला होता. कुणाचा ते नीट कळत नव्हतं. ब्लॉकवाल्यांचा नाही, घरमालकाचा नाही. आपण या शहरात जन्म काढला, आणि माती कधी संपली ते आपल्याला कळलंही नाही, याचा असेल.

पुढच्या चौकात रस्ता खोदलेला दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. महापालिका नको तेव्हा खोदते म्हणून सगळे बोटं मोडतात, आज एकदाची हवी तेव्हा खोदलेली सापडली. लांबच लांब चर होता. कडेला काळसर, ओलसर, खरीखुरी माती ढिगानं पडली होती. तिचा वाससुद्धा येत होता. नंदाबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि तांब्याची फिरकी सोडवायला घेतली.

"आजी, सांभाळून हो!" चरातून एक डोकं वर आलं. हेल्मेटवर धूळ, बोलण्यात विदर्भ. "काय करून राहिल्या?"

"थोडं पाणी ओतते बाळा इथं. चालेल ना?"

"ओता ना. कोन काय म्हनते? इथं तं ड्रेनेजच टाकून राहिलो आम्ही. संध्याकाळपावतो पाइप जोडला का सारं वाहूनच जाते."

नंदाबाईंनी फिरकी परत लावली.

नदी दोन गल्ल्यांपलीकडे होती. पण जे बेसिनमधून जातं ते शेवटी तिथंच जातं, हे पुण्यात लहान पोरालाही ठाऊक असतं. नदीचं नाव काढायची सोय नव्हती. त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या. तांब्या मांडीवर घेतला. पितळ उन्हानं कोमट झालं होतं.

त्यांनी डोळे मिटले. हातोडीचा आवाज लांब गेला. मग त्यांना वाटलं, छे, माती गेली कुठे? ती आहेच की. या पायरीखाली आहे, त्या पाराखाली आहे, रबराखाली, गोट्यांखाली, चार बोटांवर. अख्ख्या शहराखाली ती जागी पडली आहे, अंधारात, तहानलेली, वरून जाणाऱ्या पावलांचा कानोसा घेत. कुणी तरी चुकून थांबेल, वाकेल, म्हणून. तिला काही सांगावंसं त्यांना वाटलं. माफ कर, असं काही तरी. पण इतक्या फरशीतून ऐकू कसं जाणार? त्या तशाच बसून राहिल्या, आणि बराच वेळ त्यांना कळलं नाही की वाजतोय तो फोन आपलाच आहे.

"आई! कुठे आहेस तू? सगळे शोधतायत. एकटी कशाला बाहेर पडलीस? लोकेशन पाठव. बरं राहू दे, समोर काय दिसतंय ते सांग."

"समोर खोदलेलं आहे," नंदाबाई म्हणाल्या.

"आई, पुण्यात सगळीकडेच खोदलेलं आहे!"

तरी त्यानं शोधलं. दहा मिनिटांत गाडी आली. अभिनवनं त्यांना आधार देऊन बसवलं, पट्टा लावला, एसीची झडप दुसरीकडे वळवली. मग त्याचं लक्ष मांडीवरच्या तांब्याकडे गेलं.

"हे काय?"

त्यांनी सांगितलं. पेला, पहिलं पाणी, आळं, चाळीस वर्षं. बुडबुड्याचं तेवढं सांगितलं नाही. अभिनव पुढे बघून गाडी चालवत ऐकत होता. सिग्नल हिरवा झाला तरी तो थांबूनच होता. मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा निघाला.

"मला बोलायचं होतंस," तो म्हणाला. "एक शब्द बोलली असतीस तर आळं ठेवलं असतं ना मी. फोटो दाखवले तेव्हा तर छान म्हणालीस."

"तू खूश होतास."

"म्हणून?"

"म्हणून काय. आई आहे मी तुझी."

"मला वाटलं, परत पडू नयेस तू. दुसरं काही मनात नव्हतं."

"ठाऊक आहे रे मला. पण मी आळ्यामुळे पडलेच नव्हते. माझी चप्पल झिजली होती. दोन महिने आणायची आणायची म्हणत होते, आणली नाही."

"चप्पल?"

"चप्पल."

अभिनव हसला नाही. त्यानं स्टिअरिंगवरचे हात एकदा मोकळे केले आणि परत धरले.

"बाबांकडे जाऊ या," तो एकदम म्हणाला. "कबरस्तानात. तिथे माती असणारच. आणि आज दोन नोव्हेंबर आहे, फुलं न्यायचीच होती, संध्याकाळच्या ऐवजी आत्ता जाऊ."

मृतांच्या स्मरणाचा दिवस. फाटकाशी शेवंतीचे आणि मेणबत्त्यांचे हारे लागले होते. अभिनवनं ओंजळभर शेवंती घेतली. आत माणसांची बरीच वर्दळ होती, पण आवाज नव्हता. कुणी फडक्यानं नावं पुसत होतं, कुणी मेणबत्ती पेटवून वाऱ्याला आडवा हात धरला होता. दिवसाउजेडी त्या ज्योती दिसत नव्हत्या, फक्त त्यांच्यावरची हवा थरथरत होती. नंदाबाईंना इथं नेहमीच बरं वाटायचं. ओळखीची माणसं इकडे जास्त झाली होती.

शांतवनरावांची कबर तिसऱ्या रांगेत. तिथं पोचले आणि अभिनव जागच्या जागी थांबला.

कबरीवर काळा ग्रॅनाइट होता, आरशासारखा. तो त्यानंच बसवला होता, दोन वर्षांपूर्वी, कारण गवत उपटायला आई दर वेळी खाली वाकायची. शेजारच्या कबरीलाही ग्रॅनाइट. दोन्हींच्या मधल्या पट्टीत सिमेंट. पायवाटेवर ब्लॉक, चर्चच्या आवारात होते तसेच, करडे आणि तांबडे. आपलीच गोष्ट माणूस कशी विसरतो, पण तो साफ विसरला होता. अभिनवची माया अशी होती. ज्याच्यावर त्याचा जीव, त्याच्यावर तो काही तरी टिकाऊ बसवून यायचा.

"थांब, मी बघतो," तो म्हणाला.

तो रांगांमधून फिरू लागला. इस्त्रीच्या कपड्यांतला, पॉलिशच्या बुटांतला चाळिशीचा माणूस, खाली मान घालून, हरवलेली किल्ली शोधावी तसा. इथं वाकला, तिथं बुटाच्या टाचेनं टोकरून पाहिलं. नंदाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. लहानपणी तो असाच शिंपले शोधायचा, आणि सापडला नाही की चिडायचा नाही, नुसता गप्प व्हायचा.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "तिकडे कोपऱ्यात एक जण नवी कबर खणतोय. तिथं आहे माती. भरपूर आहे. तिथं ओतू या?"

"ती दुसऱ्या कुणाची तरी जागा आहे," नंदाबाई म्हणाल्या. "त्या घरावर आज काय गुदरलं असेल. आपलं पाणी तिथं कसं ओतायचं?"

"मग आता?"

त्या नवऱ्याच्या ग्रॅनाइटच्या कडेवर बसल्या. दगड उन्हानं ऊबदार झाला होता. त्यांनी काठी बाजूला ठेवली, तांब्याची फिरकी सोडवली, डोक्यावरून पदर घेतला आणि तांब्या तोंडाला लावला. घाई न करता, मध्ये एकदा थांबून, सगळं पाणी प्यायल्या. पाण्याला पितळेची चव होती, आणि अगदी शेवटी, असली तर, द्राक्षाची.

"आई!"

"मातीलाच दिलं रे," त्या ओठ टिपत म्हणाल्या. "पोचेल. जरा उशिरा पोचेल इतकंच."

अभिनव त्यांच्याशेजारी मटकन बसला. शेवंती अजून त्याच्या हातातच होती. पलीकडे एक बाई नातीला एकेक नाव वाचून दाखवत होती, हे तुझे पणजोबा, ही पणजी, हा मोठा काका, एकाच कबरीवरची सगळी नावं. नवी जागा आता मिळत नाही. घरातलं माणूस गेलं की घरचीच कबर उघडतात आणि त्याला आपल्या माणसाच्या वर ठेवतात.

"मलाही इथंच ठेवशील ना?" नंदाबाईंनी विचारलं. "यांच्यावर."

"आज कशाला तो विषय?"

"विषय नाही काढत. तेव्हा हा दगड उचलावाच लागेल तुला, एवढंच म्हणतेय."

"हो. लागेल."

"उचललास की परत बसवू नकोस. गवत येतं ते येऊ दे. वाकायचं ज्याला वाकायचंय तो वाकेल."

अभिनवनं फुलं खाली ठेवली. काळ्या दगडात त्याचं तोंड दिसत होतं, वडिलांच्या कोरलेल्या नावावर आडवं. त्यानं दगडाच्या कडेवरून, जिथं तो सिमेंटला जोडला होता तिथून, अंगठा फिरवत नेला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उठला. काही न बोलता रांगांमधून त्या कोपऱ्याकडे चालू लागला. नंदाबाईंना वाटलं, रडू आलं असेल, तोंड लपवायला गेला. जाऊ दे, त्या म्हणाल्या मनात, मोकळा होईल.

कुदळीचा आवाज थांबला. कबरस्तानातला वारा आता पडला होता, त्यामुळे एवढ्या लांबूनही बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"दादा, पहार आहे का तुमच्याकडे? जरा मिळेल?"

"मिळेल की. कशाला हवी?"

"आमच्या कबरीवरचा दगड काढायचाय."

खणणाऱ्यानं कपाळावरचा घाम पुसला, डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोण वारलं, साहेब?"

"कुणी नाही," अभिनव म्हणाला.